धोट्याची नखं

नाही उघडत वं, किती वेळा बेल दाबशीन? बेल दाबून कुलूप उघडत असतं तं मी आतून दाबली नसती का? — इकडं पाह्य, जाळीतून. हे लाकडाचं दार उघडलं मी, हे माह्या हातातलं आहे. पण या लोखंडी जाळीच्या दाराले बाहेरून कुलूप आहे, तुह्या बाजूनं. तुह्या डोळ्यासमोर लोंबून राहिलं अन् तू मले म्हणते, आजी दार उघडा. — सोनिका नं तू? सुनेनं सांगितलं सकाळी, कामिनीनं — आई, अकरा वाजता सोनिका नावाची पोरगी येईन, टॉफीची नखं कापाले, तुम्ही फक्त बसून राहा. बसूनच आहे बाई मी. तिनं तुले मोबाइलवर बोलावलं, वेळ घेतली, पत्ता टाकला, नववा माळा, लिफ्टच्या डाव्या हाताले — सारं केलं, अन् मले कोंडून जाते हेच भुलली. म्हणतात का मीच भुलते!

किल्ली? एक वैभवजवळ, माह्या पोराजवळ, तो मिहानमध्ये कम्प्युटरच्या कंपनीत आहे. दुसरी कामिनीजवळ, तीही तिथंच, बाजूच्या बिल्डिंगीत. तिसरी राहे खाली वॉचमनजवळ. पण तो वॉचमन कुहीकडला, मोठा बोलका, दोन वेळा त्यानं दार उघडून मले खाली बाकड्यावर नेऊन बसवलं, संत्रं सोलून दिलं, तं ती किल्लीही परत घेतली पोरा-सुनेनं. — आग लागली तं? पाह्य, तू पहिली विचारणारी. सहा महिने झाले, कोणी नाही विचारलं. — लाव, लाव फोन तिले. नाही उचलत नं? मीटिंगात असन. मेसेज टाकून ठेव. अन् जाऊ नको वं लगेच. ते पायपुसणं आहे नं, त्याच्यावर बस. मीही बसते अशी, माह्या बाजूनं. हं. आता कसं, दोघी समोरासमोर. फक्त मधात जाळी.

हा आला पाह्य. टिक टिक टिक — ऐकू आलं? फरशीवर नखं वाजतात त्याची. नाव टॉफी. ते माह्या नातीनं ठेवलं, रितिकानं. ती पुण्याले गेली शिकाले, कुत्रं ठेवून गेली माह्यापाशी. मी धोट्या म्हणते त्याले. धोटा नाही माहीत? हातमागावर बाणा घेऊन इकडून तिकडं पळते नं लाकडाचा, तो धोटा. आम्ही कोष्टी, टांडापेठचे. आमच्या घरी दोन माग होते, हे — रितिकाचे आजोबा — विणत, अन् मी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरे, सूत सांधे, तुटलं तं जोडे. पन्नास वर्ष केलं. हा कुत्राही तसाच, बाल्कनीतून दार, दारातून बाल्कनी, दिवसभर. विणून काही होत नाही, पण पळते. — नखं काहून वाढली म्हणते? तू शिकलेली, तूच सांग. रस्त्यावर चालला असता तं घासली नसती का आपोआप? इथं काचेवानी फरशी, पाय घसरतात त्याचे. बाल्कनीत प्लास्टिकचं गवत आणून टाकलं, तिथंच त्याचं सारं. सोफ्यावर ओरखडे पडले, कामिनीच्या पोटरीले लागलं, तेव्हा कुठं तुले फोन गेला. अन् हे पाह्य, हे वरचं, अंगठ्याच्या जागी आहे ते. दिसलं? गोल वळून मासात शिरून राहिलं. सुजलं आहे. चार दिवस झाले, पाय टेकवत नाही. मी सांगितलं वैभवले, तं म्हणे, पोरगी येईन मंगळवारी. मंगळवारी आमच्यात नखं काढत नाही. कुत्र्याले काय मंगळवार अन् काय शनिवार, जाऊ दे.

तुहा हात नाही जात यातून. मी पाहिलं आहे करून, दोन बोटं जातात, मनगट अडते. — मी? मी कापू? — नाही, भेव कायचं, पण तो मले काही करत नाही म्हणून मी त्याले काही करावं का? — पुढच्या आठवड्यात येशीन म्हणते. अन् तवरीक हे मासात शिरत राहीन. बरं, दे. खालच्या फटीतून सरकव. अव्वो, हे तं पकडीवानी आहे, मले वाटलं कैची राहीन. तू बोल बाहेरून, मी करते आतून. मोबाइलची बॅटरी लाव, उजेड पाड त्याच्या पंजावर. हं, दिसते.

मांडीवर नाही घ्याचं? बाजूले बसवाचं. बरं. पाय बाजूले नाही ओढाचा, मागं वळवाचा, घोड्याची नाल ठोकतात तसा? धोट्या, ये. अय, चाटू नको. बोटाची गादी खालून दाबली — हाव वं, बाहेर आलं नख! मी आठ वर्ष पाहून राहिली या पंजायले, मले नव्हतं माहीत दाबलं का बाहेर येते. पण काळं आहे, आतलं काही दिसत नाही. पांढरं असतं तं गुलाबी दिसलं असतं? अन् त्या गुलाबीच्या अलीकडं थांबाचं. काळ्यात मंग? — थोडं थोडं. चकती चकती. अन् कापलेल्या तोंडावर मधात काळा ठिपका आला का बस. आमच्यात त्याले जिव्हाळी म्हणतात. माणसाच्याही नखाखाली राहते, तिथं काडी गेली का डोळ्यातून पाणी. — तिरपं धरलं. हे एक. — हाललाही नाही! दे, त्याले काही तरी दे खाले. ते काय आहे, बिस्किट? जाळीतून दे. पाह्य, तुहं बोट चाटून राहिला, ओळख झाली.

आता ते वळलेलं करते. तू धर बॅटरी नीट. आडवं धरू? हं. — निघालं. निघालं वं माय. आत खड्डा पडला आहे, तांदळाएवढा. हळद लावू? नाही? पाण्यानं पुसून घेते नुसतं. बरं बाप्पा, तू म्हणशीन तसं. — धोट्या, झालं रे, झालं. हे सुटलं, आता बाकीचे सोपे.

अठरा आहेत. पुढं पाच-पाच, मागं चार-चार. मी मोजले का? मी सारं मोजते. या जाळीत अकराशे बावीस खण आहेत. समोरच्या फ्लॅटवाल्या आनंदरावच्या दाराले दोन कुलूपं, अन् तो एकच लावते. मोजाची सवय आहे, ताण्याचे सूत मोजत हयात गेली. तू मले कोणतंही विचार. रितिकाच्या आजोबानं विणलेलं शेवटचं लुगडं कोणतं? हिरवं, करवती काठ, कळमन्याच्या बाईले दिलं, तिच्या सुनेच्या चोळीबांगडीले. तिनं पदर पाहून म्हटलं, एक सूत चुकलं आहे. चुकलंच होतं. मीच सांधलं होतं, वैभवले ताप होता त्या दिवशी. — हाव, डोकं बरोबर आहे माहं. तुले काय सांगितलं कामिनीनं? — सांग नं. — 'आईंशी जास्त बोलू नका, त्या कन्फ्यूज होतात.' हाव. ती वाईट नाही वं. उद्या मले धंतोलीत नेऊन राहिले, डोक्याच्या डॉक्टरकडं. वैभवनं सुट्टी टाकली. तपासणी आहे, प्रश्न विचारतात म्हणे. त्याच्यावर लिहून देईन तो डॉक्टर का मी एकटी राहू शकते का नाही. लिहून दिलं का झालं, मंग हे कुलूप कायमचं, नाही तं एखादी बाई ठेवतीन दिवसभर माह्यावर. म्हणजे दोन कुलूपं.

हे पाच झाले. उजवा पंजा झाला. पाह्य, कसा ठेवून राहिला पाय खाली! टेकवला! — आता डावा दे, धोट्या. जांभई देऊन राहिला, झोप आली. — झोप नाही? भ्याला का जांभई देतात? अन् ओठ चाटतात. मले वाटे झोप येते त्याले, संध्याकाळी वैभव घरी आला का. बरं, थांबते जरा.

कुलूप काहून लावलं ते नाही सांगितलं तुले? मी हरवली होती उन्हाळ्यात. मे महिना, दुपार. याले घेऊन गेली अन् हरवली. तेव्हापासून. — कुठपर्यंत? अवं, छत्रपती चौकापर्यंत गेली. इथून वर्धा रोडले लागली, चिंचभवनच्या पुलाखाली पाच मिनिटं बसली, तिथं एक रसवाला होता, त्यानं याले बर्फाचा तुकडा टाकला. ऑटोवाले कुत्रं पाहून थांबत नव्हते. एक थांबला, म्हणे, आजी तुम्ही बसा, कुत्रं नाही. मी म्हटलं, मंग तू जा. डांबर इतकं तापलं होतं का हा पाय वर वर उचले. सोमलवाड्याजवळ मी पदराची पट्टी फाडली, चारी पायायले बांधली त्याच्या. लोकं हसले. मंग उज्ज्वल नगर, तिथं मंदिराच्या नळावर पाणी पेली. नखं कशी घासली होती सांगू त्या दिवशी याची, अशी गोल, सफाचट, तुही पकड काय करन तशी! मेट्रोचे खांब मोजत गेली, सावली सावलीनं. सीताबर्डीवरून टांडापेठेले जाचं होतं मले, तिथं नीला राहते, माह्यासंगं कांड्या भरे. पण छत्रपती चौकात पाय गेले. पोलिसानं खांबाच्या सावलीत बसवलं. नाव विचारलं, पत्ता विचारला — मी काही नाही बोलली. मंग त्यानं कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा पाहिला. त्याच्यावर वैभवचा नंबर होता. कुत्र्याच्या गळ्यात होता, माह्या गळ्यात कायचा राहणार. वैभव अर्ध्या घंट्यात आला, पांढऱ्या शर्टात, सारा घामानं भिजलेला. आई, तू इथं कशी? काहून आली? मी म्हटलं, मले आठवत नाही.

काय म्हणली तू? —

— अव्वो! धोट्या! अय धोट्या, ओरडू नको, राजा, इकडं ये, इकडं! कापलं वं, जास्त कापलं, रक्त आलं माय, किती रक्त! फरशीवर पाह्य! तू तसं काहून विचारलं मधातच! — काय आहे ते, पुडी? दे, दे फटीतून. पिवळी पावडर. चिमटीत घ्याची अन् नखाच्या तोंडावर दाबून धराची. धरली. पुसून नाही पाहाचं. किती वेळ? पाच मिनिटं, सोडाचं नाही. लाव तुह्या मोबाइलवर. — माह्या हातानं झालं वं. सूत तुटलं का गाठ मारतो नं आम्ही, तं गाठीचं शेपूट मुळाशी तोडतो. शेपूट ठेवलं तं लुगड्यात गोळी दिसते. बोटाले माहीत आहे, मुळाशी. तू ते विचारलं, माहं ध्यान गेलं, अन् बोटानं आपलं केलं. पन्नास वर्ष मुळाशी तोडलं, आज तू एका घंट्यात म्हणते अलीकडं थांबा.

थरथरून राहिला. छाती पाह्य कशी. — हाव, धरून आहे. सोडत नाही.

तू विचारलं ते बरोबर विचारलं. हरवलेल्या माणसाले एवढे चौक कसे आठवतात? एवढ्या दिवसात कोणी नाही विचारलं. वैभवनं नाही विचारलं, कामिनीनं नाही, रितिकानं फोनवर रडून घेतलं, पण विचारलं नाही. — नाही हरवली मी. मी गेली होती. आपल्या पायानं. आता तुले सांगूनच द्यावं लागन, पाच मिनिटं सोडता येत नाही, अन् उगी बसून मले राहवत नाही. तू खाली मान घाल. असं तोंडाकडं पाहात राहिलीस तं नाही सांगू शकत. हं.

हॉलमध्ये एक डब्बा आहे, पांढरा, गोल. टीव्हीच्या वरती. रितिका गेली तेव्हा आणला, दिवसभर हा काय करते ते पाहाले. वैभव हापिसातून मोबाइलवर पाहे. अन् बोलला तं त्यातून आवाज येते. टॉफी, सोफ्यावरून उतर — अन् हा बिचारा चौफेर पाहे, मालक कुठं आहे. मी हसे. मले काय वाटे, तो कुत्र्याले पाहते. कुत्र्यासाठीच आणला होता नं. — तं मे महिना. अंगाची लाही. एसीची हवा माह्या गुडघ्यायले सोसत नाही. घरात मी अन् हा. दुपारी मी पोलकं काढलं. काहून नाही काढावं? टांडापेठेत उन्हाळ्यात आम्ही साऱ्या म्हाताऱ्या तशाच बसतो, पदर गुंडाळून, कोणाले काय त्याचं. अन् फरशी थंडगार, तं मी आडवी झाली, पाठ टेकवून. पदर सरकला असन. मले बरं वाटत होतं वं. इतकं बरं, का मी याच्याशी बोलत होती काही तरी, गाणंही म्हणत होती वाटते. — अन् वरून आवाज आला. आई.

मले वाटलं भास झाला. मंग परत. आई, अंगावर घे.

वैभवचा आवाज. माह्या पोराचा. अन् त्याच्यामागून कोणी हसलं. — हापिसात माणसं कायलेही हसतात. त्याच्या मोबाइलमध्ये कोणी पाहिलंही नसन. पण मले काय माहीत? मी पदर घेतला, पोलकं घातलं तं हूक लागेना. त्या डब्ब्याकडं पाठ करून लावले. अन् पाठ केली तरी तो पाहते, हे मले समजलं तेव्हा. मी चपला घातल्या, याचा पट्टा घेतला, अन् निघाली. एवढंच. — किती झाले? दोन मिनिटं? अजून तीन. बरं.

मंग छत्रपती चौकात काय सांगू मी त्याले? पोलीस उभा, दहा लोकं उभे, अन् पोरगा विचारते, आई तू घरून काहून निघाली. म्हणू का, तू मले उघडी पाहिलं म्हणून? मी म्हटलं, आठवत नाही. तेव्हा वाटलं, एक वेळचं आहे, उद्या भुलतीन लोकं. पण त्याचं तोंड पाहिलं मी — त्याले बरं वाटलं वं. खरं सांगते. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, पण कुठं तरी त्याले बरं वाटलं. आईले आठवत नाही, म्हणजे तेही आठवत नाही. त्यानं ना कधी तो विषय काढला, ना मी. डब्बा तिथंच आहे. अन् दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं. काळजीनं आणलं, मी नाही म्हणत नाही. त्यानं स्वतः ड्रिल मशीन घेऊन कडी बसवली, हातावर फोड आला त्याच्या, मीच तूप लावलं. वाईट असता तं मी भांडली असती. वाईट नाही, तेच तं झालं.

अन् आता काय करू सांग. उद्या डॉक्टरपुढं सारं बरोबर सांगितलं — वार, महिना, नातीचं नाव, तं वैभव विचारन नं, मंग त्या दिवशी कशी भुलली? मंग सारं काढावं लागन. अन् नाही सांगितलं तं कुलूप. सांगितलं तं पोराची मान खाली, नाही सांगितलं तं मी कोंडली, इतकंच आहे.

इथं? इथं त्या डब्ब्याले दिसत नाही, मधात भिंत येते. म्हणून तं मी दिवसभर इथं दारापाशी बसते. जेवतेही इथंच. अन् ते म्हणतात, आई दारापाशी बसते, पळून जाचं पाहते. — ऐकू? नाही वं, कामिनी म्हणे, दारावरची बेलही नीट ऐकू येत नाही त्यात.

झाले पाच? सोडू? — थांबलं. खरंच थांबलं. धोट्या, शहाणा तू. चाटू देऊ नको म्हणते, बरं, धरते तोंड. आज इतकंच करू का? — हाव, तू म्हणली ते मले पटलं, आठ-आठ दिवसानं थोडं थोडं कापत गेलं का जिव्हाळी आपणहून मागं सरते. एकाच दिवशी जागेवर नाही आणाचं. मंग सांगावं का मी पण, थोडं? आधी एवढंच सांगावं, का मले आठवते. काय आठवते ते मंग पाहू. काय म्हणते तू? — तुही आजी असती तं तिले सांग म्हटलं असतं? — हं.

तुहा फोन वाजून राहिला. कोण, कामिनी? — वैभव. तिनं मेसेज पाहिला असन. उचल. जाळीपाशी धर, आवाज मोठा कर.

हॅलो, वैभव. — हाव, मीच. — हाव, आली पोरगी, दार बंद आहे तं. — कामिनीले बोलू नको बाबू, भुलते माणूस. — मीच कापून राहिली, ती सांगते बाहेरून. ते वळलेलं काढलं, पाय टेकवते आता. — थोडं लागलं, थांबलं रक्त. — नाही रे, नाही भ्याली. — वैभव, ऐक. तू एकटा आहेस का? जरा बाजूले हो. — झाला? — मले त्या दिवशीचं आठवते. — उन्हाळ्यातलं. मी निघून गेली होती तेव्हाचं. मले आठवते, वैभव.

हॅलो? — कटला का वं? पाह्य नं. आकडे चालून राहिले? मंग बोलत काहून नाही. — वैभव? — हं. — काय काय म्हणजे —

— तू आला ते आठवते. पांढरा शर्ट होता. बाटलीनं पाणी पाजलं तू मले, आधी मले, मंग याले. — नाही, त्याच्या आधीचं नाही. — घरातलं? नाही रे. घरातलं काही नाही. — नाही, एकदम चौकातलंच. — हाव. — हाव, सांगू उद्या डॉक्टरले. — तू जेवला? डब्बा खाऊन घे आधी. ठेव.

ठेवला त्यानं. घे तुहा फोन.

तू ऐकलं नं? 'काय काय आठवते, आई.' दोनदा विचारलं. सात वर्षाचा होता तेव्हा ताण्यावर शाई सांडली होती यानं, पूर्ण ताण्यावर, अन् मागाखालच्या पाय सोडाच्या खड्ड्यात लपून बसला होता. मी गेली तं असंच विचारलं होतं, असाच आवाज, काय काय पाहिलं आई तू? मी म्हटलं, काहीच नाही पाहिलं. अन् आता पाह्य, मी म्हटलं घरातलं काही नाही, तं श्वास सोडला त्यानं. इतका मोठा सोडला, का मले इथं जाळीत ऐकू आला. सहा महिने धरून होता तो वं. मी एकटीच नव्हती.

काय सांगू मंग त्याले? — नाही. नाही होत. तुह्यानं होईन, तू जवान आहेस. — उद्या बुधवार आहे. डॉक्टर वार विचारन, तं मी म्हणन शनिवार. घड्याळ काढाले लावतात म्हणे कागदावर. ते तं मले तसंही नाही येत, शाळेतच कुठं गेली मी. पास होऊन जाईन, नापास व्हाचं म्हणजे.

रडते कायले? उठ, पायपुसण्याचे बाल लागले तुह्या कपड्यायले. ही घे तुही पकड. ही पुडी ठेवू का मी? ठेवते. — राहिली तं राहू दे, मागची तशीही कमी वाढतात म्हणलीस नं तू. — पुढच्या मंगळवारी? ये नं, ये. — नाही, थांब. तू नको येऊ. कामिनीले सांग, मले जमत नाही, दुसरी पोरगी पाठवा. कोणतीही पाठव. तुह्याशी बोलताना आता माह्या तोंडातून निघन, अन् तू पोट्टी चांगली आहेस, एखादा दिवस कामिनीले बोलून जाशीन माह्या भल्याचं. तू आली होती, दार बंद होतं, बाहेरून नखं सांगितली, गेली. इतकंच झालं इथं. समजलं?

नको पाहू अशी. — लिफ्ट आली तुही, जा. बोटं काढ जाळीतून, मले हे दार लावाचं आहे. काढ नं वं. दबतीन.